घरची मुकी भाषा

आपल्या मराठी घरांत आईचे आभार मानण्याची रीत नाही. जेवणाच्या पानावरून उठताना एखादा मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, तू फार परिश्रम घेऊन हे पिठले केलेस, त्याबद्दल मी तुझा अत्यंत ऋणी आहे," तर आई प्रथम हसेल, आणि मग त्याच्या कपाळाला हात लावून ताप तर आला नाही ना, हे पाहील. 'आभारी आहे' व 'धन्यवाद' हे शब्द आपण सभेसाठी, पत्रासाठी आणि परक्या माणसासाठी राखून ठेविले आहेत. ते घरात उच्चारले की घरचेच माणूस क्षणभर पाहुणे होऊन बसते. त्याचप्रमाणे "तुझ्यावाचून मला करमत नाही" असे मराठी बाप आपल्या मुलाला सहसा म्हणत नाही, तो "सायकलीत हवा भरलीस का?" एवढेच विचारतो.

ह्यावरून आपल्या घरांत माया कमी आहे असे अनुमान कोणी काढू नये. आपण ती करतो, बोलत मात्र नाही. आणि जी थोडी बोलतो तीही आडवळणाने. घराबाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्या एका क्रियापदात परत येण्याचे वचन असते, आणि दारात उभे असलेले माणूस 'ये' म्हणून ते वचन पदरात घेते. बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणावयाची, इतके अशुभाचे भय आपल्या मायेला असते. दूरगावी शिकावयास गेलेल्या मुलाला फोनवर पहिला प्रश्न येतो तो "जेवलास का?" असाच, मग घड्याळात दुपारचे चार का वाजलेले असेनात. तो प्रश्न भुकेचा नसतो, हे विचारणारीलाही ठाऊक असते व उत्तर देणाऱ्यालाही.

अशा भाषेला उत्तर तरी कोणत्या भाषेत द्यावे? मला वाटते, ह्याचे उत्तर आपल्या मायबोलीने एका लहानशा शब्दात देऊन ठेविले आहे. तो शब्द म्हणजे 'जाण'. जाणणे म्हणजे माहीत असणे, आणि उपकाराची जाण ठेवणे म्हणजे कृतज्ञ असणे. ज्ञान व कृतज्ञता ह्या दोन गोष्टी आपल्या भाषेने एका शब्दात एकत्र बांधिल्या, हे उगाच नव्हे. आपल्यासाठी कोणी, केव्हा, काय सोसून, काय केले, हे ज्याला नेमके ठाऊक आहे त्याला निराळे आभार मानावे लागत नाहीत. आणि ज्याला ते ठाऊकच नाही त्याने मानलेले आभार पोकळ होत. प्रस्तुत लेखात एवढीच एक गोष्ट माझ्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या वडीलमंडळींपुढे मांडावी असा विचार आहे.

मी राहतो ते वाघोली हे गाव पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या मध्यभागापासून सुमारे १५ ते १६ किलोमीटरवर आहे. वाघेश्वराचे प्राचीन देवालय, शाहू महाराजांच्या काळी गाजलेले सरदार पिलाजीराव जाधवराव यांचे नाव, आणि सभोवारच्या दगडखाणी ह्यांमुळे गाव पूर्वीपासून परिचित होते. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. ज्वारी-बाजरीच्या शेतांच्या जागी आता अनेक मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांच्या दारांशी पाण्याच्या टँकरांची रांग लागते. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आणि पार उत्तर हिंदुस्थानातूनही माणसे येथे पोट भरावयास आली आहेत. पहाटे पाच वाजता गच्चीवर उभे राहिले तर एकेका स्वयंपाकघरात दिवे लागताना दिसतात. कोणी पूर्वेस रांजणगावच्या कारखान्यांकडे निघालेला असतो, कोणी पश्चिमेस खराडीच्या कचेऱ्यांकडे, कोणी खाणीकडे, तर कोणी रात्रपाळी संपवून त्याच वेळी घराच्या पायऱ्या चढत असतो.

अशा गावात घरातील चार माणसे एका पंक्तीस बसण्याचा योग रविवारीच यावयाचा. पाळ्या निरनिराळ्या, शाळांच्या वेळा निरनिराळ्या, आणि नगर रस्त्यावरच्या गर्दीत बस केव्हा पोहोचेल ह्याचा नेम नाही. म्हणून माया ही येथे समोरासमोर द्यावयाची वस्तू राहिलेली नसून मागे ठेवून जावयाची वस्तू झाली आहे. झाकून ठेविलेले ताट, आंघोळीसाठी भरून ठेविलेली बादली, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून अलगद लोटलेले दार, दुसऱ्याच्या चपला पावसाने भिजू नयेत म्हणून आत सरकविण्यासाठी वाकलेला हात: ज्या घरातील माणसे एकमेकांना दिवसातून दहा मिनिटेही भेटत नाहीत, ती ह्याच चिठ्ठ्या एकमेकांसाठी ठेवीत असतात. फरक इतकाच की ह्या चिठ्ठ्यांवर अक्षरे नसतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्या चिठ्ठ्या आहेत हेही कळत नाही.

ही भाषा वाचावयास मी कसा शिकलो, हे सांगण्यासाठी थोडे घरचे सांगणे प्राप्त आहे.

माझे वडील मूळचे नगर जिल्ह्यातले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी सव्वीस वर्षे तीन पाळ्यांत काम केले. बाबा मितभाषी होते. रात्रपाळीत कारखान्यात चहाबरोबर बिस्किटांचा एक पुडा मिळे. तो ते तेथे फोडीत नसत. सकाळी सात वाजता ते घरी येत तेव्हा मी शाळेला निघालेलो असे, आणि दारात तो पुडा माझ्या दप्तरात पडे. त्या वेळी आमच्यात होणारे संभाषण एकाच शब्दाचे असे. "निघालास?" आणि मी म्हणे, "येतो." आई भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बाबांच्या पाळ्या मांडून ठेवी. पहिल्या पाळीला एक रेघ, दुसरीला दोन, रात्रपाळीला तीन. तीन रेघा असलेल्या दिवशी घरात कुकरची शिटी दहाच्या आत होऊन जाई, आणि दुपारी शेजारची मुले दारात खेळावयास आली की आई त्यांना खाऊ देऊन पलीकडच्या अंगणात पाठवी. बाबांना ह्यातले कोणी काही सांगितले नाही. ते झोपलेले असत.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. प्राण वाचले, परंतु उजवा हात लुळा पडला, आणि त्याबरोबर वाचा गेली. डॉक्टरांनी ह्याला 'वाचाघात' असे नाव सांगितले. बहुतेक माणसांत बोलण्याची शक्ती मेंदूच्या डाव्या भागात वसलेली असते, आणि शरीराच्या उजव्या बाजूची हालचालही डावाच भाग चालवितो. त्यामुळे त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की उजवा हात व वाणी ही दोन्ही पुष्कळदा एकदमच जातात. पॅरिस येथील पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्याने १८६१ साली अशाच एका रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी करून ही गोष्ट जगापुढे मांडिली. तो रुग्ण वर्षानुवर्षे 'टॅन' एवढा एकच ध्वनी उच्चारू शकत असे. माझ्या बाबांपाशी 'हो' हा एक शब्द उरला. पाणी हवे असले तरी 'हो', नको असले तरी 'हो', आणि पाऊस आला असे सांगावयाचे असले तरीही 'हो'. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्यांना बहुतेक सर्व समजते.

रुग्णालयात कोणी कळवळून म्हणाले, "आता ह्यांचे मन तुम्हाला कळावयाचे कसे?" प्रश्न सहानुभूतीचा होता, आणि भीतीही खरी होती. आईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. पण बाबा घरी आले, आठ-पंधरा दिवस गेले, आणि एक गोष्ट हळूहळू आमच्या ध्यानात आली. बाबांचे जे बोलणे बंद पडले होते ते त्यांच्या एकंदर सांगण्याचा फार लहान हिस्सा होते. मोठा हिस्सा पूर्वीपासूनच हातांचा होता, आणि त्यातला डावा हात अजून शाबूत होता.

त्या डाव्या हाताने ते आता सकाळी लसूण सोलून ठेवितात. एक पाकळी सोलावयास त्यांना पूर्वीच्या दसपट वेळ लागतो. परंतु आईच्या बोटांना लसणाने आग होते हे त्यांना ठाऊक आहे. मी शाळेला निघालो की ते माझ्या चष्म्याचे घर पुढे करतात. "चष्मा घेतलास का?" हे पूर्वी ते तोंडाने विचारीत. संध्याकाळी मला उशीर झाला तर फाटकावरचा दिवा लागलेला असतो, आणि मी आत आल्याबरोबर तो मालवला जातो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आता पाळ्यांच्या रेघा नाहीत. आईला मधुमेह आहे, आणि गोळी घेतली की नाही हे ती विसरते. तिने गोळी घेतली की बाबा उठून भिंतीपाशी जातात व त्या तारखेच्या चौकोनात डाव्या हाताने एक वाकडी रेघ ओढतात. ज्या चौकोनांत ती एके काळी त्यांच्या झोपेची काळजी वाहत होती, त्याच चौकोनांत आज ते तिच्या गोळीची काळजी वाहत आहेत. एकाही दिवसाची रेघ चुकलेली मी पाहिलेली नाही.

आईचे करणे ह्याहूनही सूक्ष्म आहे. बाबांना एका हाताने सदऱ्याची गुंडी लावावयास फार वेळ लागतो. ती गुंडी आई एका क्षणात लावून देऊ शकेल, आणि पाहणाऱ्याला वाटेल की तिने तसे करावे. ती तसे करीत नाही. त्या वेळी तिचे कपाटात काहीतरी हरवलेले असते. ती पाठमोरी होऊन ते शोधीत राहते, आणि गुंडी लागली असा अंदाज आला की तिला ती वस्तू सापडते. हरवलेली वस्तू कोणती, हे मी तिला कधी विचारिले नाही. मदत करणे हे प्रेम आहे हे सर्वांस ठाऊक असते. परंतु दुसऱ्याचा मान राहावा म्हणून मदतीचा हात आवरून धरणे, आणि तो आवरला आहे हे त्याच्या लक्षातही येऊ न देणे, ही मायेची फार वरची इयत्ता होय.

वाचाघात झालेल्या माणसाविषयी एक आश्चर्यकारक गोष्ट वैद्यांनी नोंदलेली आहे. साधे वाक्य ज्याला बोलता येत नाही त्याला लहानपणापासून पाठ असलेले गीत पुष्कळदा गाता येते, आणि सुरांचा आधार देऊन हरपलेले शब्द परत आणण्याची उपचारपद्धतीही आहे. आमच्या घरी रविवारच्या उपासनेत ना. वा. टिळकांची गीते गाण्याचा पूर्वापार परिपाठ. एका रविवारी आई गात असता बाबांचा आवाज तिच्या आवाजात मिसळला, आणि पूर्ण कडवे, शब्दासह, त्यांच्या मुखातून बाहेर पडले. आई गात राहिली. ती थांबली असती, तिने आनंदाने हाक मारिली असती, तर ते बहुधा तेथेच अडखळले असते. त्या दिवसापासून ती स्वयंपाक करताना गुणगुणते. पूर्वी ती कधी गुणगुणत नसे.

टिळकांचे नाव निघाले म्हणून त्यांच्या पत्नीचे स्मरण करणे उचित होईल. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, पतिपत्नींची कित्येक वर्षे ताटातूट झाली, आणि पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, हा इतिहास थोर खराच. तथापि ते पुस्तक आजही आवडीने वाचले जाते ते केवळ त्या थोर घटनांसाठी नव्हे. घरातले पैसे, स्वयंपाक, रुसवे, विसराळूपणा, आल्यागेल्याचे जेवणखाण, अशा ज्या गोष्टी दुसऱ्या कोणी लिहून ठेवावयास योग्य मानिल्या नसत्या, त्या लक्ष्मीबाईंच्या ध्यानात राहिल्या. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. लिहावाचावयास त्यांना लग्नानंतर पतीनेच शिकविले. त्याच हातांनी पुढे त्यांनी पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे केले. आपल्यासाठी कोणी एकेक अक्षर गिरवून घेतले होते, ह्याची जाण ठेवण्याचा ह्याहून सुंदर प्रकार मला ठाऊक नाही.

ह्याच नगर रस्त्याने जोडलेल्या पुण्यात, त्याच्याही पूर्वी, आणखी एका घरात ही जाण होती. सावित्रीबाई फुले १८५६ साली आजारी पडून माहेरी नायगावास राहिल्या होत्या. तेथून त्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जोतीरावांना लिहिलेले पत्र आज प्रसिद्ध आहे. त्या पत्रात मुलींच्या शिक्षणाविषयीचा बाणेदारपणा आहे, आणि आपल्या कार्याला नावे ठेवणाऱ्या भावाला दिलेले सडेतोड उत्तरही आहे. परंतु त्याच भावाने आजारात आपली शुश्रूषा केली, हे सांगावयास त्या विसरलेल्या नाहीत. मत पटले नाही म्हणून सेवा पुसून टाकावी, असे त्यांच्या मनात आले नाही. आणि आपण आजारी असता शाळेचा सर्व भार फातिमा शेख यांच्यावर पडला असेल, त्यांना त्रास होत असेल, तरी त्या कुरकुर करणार नाहीत, हेही त्या आठवणीने लिहितात. आजाराच्या अंथरुणावर पडलेले माणूस स्वतःच्या दुखण्याखेरीज दुसरे काही पाहू शकत नाही असा सर्वसाधारण अनुभव आहे. सावित्रीबाईंना पुण्यात आपल्या वाटणीचे काम मुकाट्याने करणारी मैत्रीण दिसत होती. ज्यांनी एवढे मोठे कार्य केले त्यांची नजर एवढ्या लहान गोष्टीवर होती. किंबहुना ती नजर होती म्हणूनच ते कार्य चालले.

आता तुमच्या रोजच्या परिचयातील एक वस्तू घेऊ. ती म्हणजे डबा. मुंबईत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनी घरचे जेवण कचेरीत पोहोचविण्याचा जो उद्योग सुरू केला, तो पुढे डबेवाल्यांच्या रूपाने जगप्रसिद्ध झाला. हे डबेवाले बहुतेक आपल्याच पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर ह्या भागांतले. डब्याच्या झाकणावर रंगाच्या व अक्षरांच्या खुणा असतात. त्यांवरून तो कोठून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा, आणि कोणत्या इमारतीत जावयाचा, हे थोडेसे शिकलेल्या माणसालाही समजते. एक डबा वाटेत कित्येक हातांतून जातो. ह्या व्यवस्थेचे कौतुक देशोदेशीच्या विद्वानांनी केले आहे. पण मला त्यातली एक बारीकशी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दुपारी जेवण झाल्यावर तोच डबा त्याच वाटेने संध्याकाळपर्यंत घरी परत येतो. सकाळी गेलेला भरलेला डबा हे एक पत्र असेल, तर परत आलेला रिकामा डबा हे त्याचे उत्तर होय. घरची बाई झाकण उघडून पाहते, आणि भाजी संपली की उरली, पोळी किती खाल्ली, ह्यावरून नवऱ्याचा दिवस कसा गेला हे तिला समजते.

शाळेतील मधल्या सुटीत मी मुलांचे डबे पाहत फिरतो. एकाच्या डब्यात भाकरी कापडात गुंडाळलेली असते, म्हणजे ती मऊ राहावी अशी कोणाची तरी इच्छा होती. दुसऱ्याच्या डब्यात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी निराळी असते, म्हणजे ती भाजीत मिसळलेली त्याला आवडत नाही हे कोणाला तरी ठाऊक होते. एका मुलीच्या डब्यात नेहमी एक पोळी अधिक असते. मी सहज विचारले तेव्हा ती म्हणाली, "माझ्या शेजारी बसणारीची आई दवाखान्यात असते, म्हणून आई दोघींचे देते." ती आई शाळेच्या कोणत्याही समारंभात व्यासपीठावर बसलेली नाही.

माझ्या गावाने ह्या बाबतीत एक मोठा धडा घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारीच्या परिसरात, भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच घरांखाली गाडली गेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणिली. संघटनेचे शैक्षणिक पुनर्वसनाचे केंद्र वाघोलीस आहे. मुलांना छप्पर, अन्न, वह्यापुस्तके व शिक्षक देता येतात, आणि ते दिले गेले. परंतु ज्या मुलाने एका पहाटेत घर गमावले त्याने त्याबरोबर आणखी काय काय गमावले असेल, ह्याचा विचार मी पुष्कळदा करतो. झोपेत पांघरूण सारखे करणारा हात, पाऊस दिसताच "अंगावर घेऊ नकोस" म्हणणारा आवाज, त्याला दुधावरची साय आवडते की नाही हे ठाऊक असणारे एक तरी माणूस: ह्या गोष्टी कोणत्याही यादीत लिहिता येत नाहीत. त्या परत द्यावयाच्या तर कोणीतरी त्या मुलाला रोज थोडथोडे जाणून घ्यावे लागते, आणि त्याला वर्षे लागतात. ज्यांना ह्या गोष्टी जन्मतःच मिळाल्या आणि अद्याप मिळत आहेत, त्यांनी त्या फुकटच्या समजू नयेत.

थोरांच्या थोरपणाची कसोटीही अशीच लहान असते, असे आपल्या धर्मग्रंथांत व आपल्या मातीतल्या परंपरेत दिसते. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतो. पुनरुत्थानानंतरही शिष्य रात्रभर जाळी टाकून पहाटे किनाऱ्याला येत असता, तेथे त्यांच्यासाठी निखारे पेटविलेले असतात, त्यांवर मासळी ठेवलेली असते, आणि भाकरही तयार असते. मरणावर जय मिळविणारा प्रभू दमलेल्या माणसांना न्याहारीला बोलावितो. इकडे नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईंच्या जात्याला प्रत्यक्ष विठ्ठल हात लावी, असे महाराष्ट्र शतकानुशतके सांगत आला आहे. देवाची कल्पना करावयाची झाली तेव्हाही ह्या भूमीतील कष्टकरी बायकांनी त्याला सिंहासनावर न बसविता आपल्या समोर, जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसविले.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, तुम्ही घरी जाऊन आईबापांपुढे आभाराचे भाषण करावे असे मी मुळीच सुचवीत नाही. त्यांना ते अवघड वाटेल आणि तुम्हालाही. मी सुचवितो ते ह्याहून सोपे आहे आणि ह्याहून कठीणही आहे. उद्या सकाळी उठल्यापासून शाळेत पोहोचेपर्यंत आपल्यासाठी कोणी काय केले, ते मोजा. पाणी कोणी भरले, गणवेशाला इस्त्री कोणी केली, सायकलची साखळी कोणी तेल लावून ठेविली, रात्री अभ्यास करता करता डोळा लागला तेव्हा वही मिटून दिवा कोणी मालविला. ही यादी कोणाला दाखवू नका. ती मनात राहिली म्हणजे तुमची वागणूक आपोआप बदलेल. डबा रिकामा करून, धुऊन परत येईल. रात्रपाळीहून आलेल्या वडिलांच्या झोपेच्या वेळी तुमचा आवाज खाली येईल. आजी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागली तर तुम्ही ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकाल. एवढे झाले की उत्तर पोहोचले असे समजावे.

आणि पालकहो, दोन शब्द आपल्यासाठीही. आपण मुलांसाठी करतो ते मुलांनी जाणावे, ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु मुले आपल्यासाठी जे करतात ते जाणण्याची आपली नजर पुष्कळदा कमी पडते. प्रगतिपुस्तकात गणिताचा रकाना असतो, इतिहासाचा असतो. "दमून आलेल्या आईला न सांगता पाण्याचा तांब्या आणून दिला" असा रकाना नसतो. शिक्षक म्हणून मला तो भरता येत नाही, कारण ते मी पाहू शकत नाही. ते आपणच पाहू शकता. धाकट्या भावाला खिडकीची जागा देणारा मुलगा, सहलीच्या पैशांविषयी घरात अवाक्षर न काढणारी मुलगी, आजोबांचा हात धरून जिना उतरताना मुद्दाम सावकाश चालणारे पोर, ही सर्व मुले आपल्याशी काहीतरी बोलत असतात. ते बोलणे ऐकू गेले आहे, एवढे आपल्या एका कटाक्षावरून त्यांना कळले तरी पुरे.

माझ्या बाबांची वाचा परत येईल की नाही, हे डॉक्टर निश्चित सांगत नाहीत. उपचार चालू आहेत, आणि गेल्या महिन्यात 'हो' ह्या शब्दाच्या जोडीला आईच्या नावाचे पहिले अक्षर आले आहे. उरलेली अक्षरे येतील तेव्हा येतील. तोवर आमच्या घरात कोणाचे काही सांगावयाचे राहून गेले आहे असे वाटत नाही, कारण सांगणारा रोज सांगतो आहे आणि ऐकणारी रोज ऐकते आहे. ज्या घरात ही मुकी भाषा सर्वांना वाचता येते, त्या घरावर दुःख आले तरी ते घर बोलके राहते.